जगदाळे बाई आणि एक बिनचूक अर्ज

जगदाळे बाई वर्गात आल्या की आधी हजेरी घेत नसत. टेबलावर डस्टर आपटायच्या आणि म्हणायच्या, "चला, पाहुणे बाहेर!" मग आम्ही पंचेचाळीस जणांनी दप्तरातली इंग्लिशची गाइडं काढायची आणि खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन रचायची. तास संपेपर्यंत ती तिथेच. एखाद्यानं दडवून ठेवलंच तर बाईंना कसं कळायचं, देव जाणे. त्या थेट त्याच्या बाकापाशी जायच्या. "पाहुणा लाजतोय वाटतं. आण की त्याला बाहेर." आम्ही खिदळायचो. बाई हसायच्या नाहीत. गाइड या वस्तूवर त्यांचा मनापासून राग होता, आणि तो राग त्यांना महागात पडला. त्यात माझा हात होता. अगदी खराखुरा हात, उजवा, लिहिण्याचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी बाईंचं कौतुक करायला लागले की कुणाला माझ्याबद्दल उगाच बरं वाटायला नको.

बाई मूळच्या बार्शीकडच्या. लग्न होऊन नालासोपाऱ्यात आल्या, तुळिंजला एका बिल्डिंगमध्ये दोन खोल्या, नवरा गोखिवऱ्याच्या कुठल्याशा कारखान्यात फिटर. आमची शाळा वसईला, पश्चिमेच्या वाड्यांच्या बाजूला, मराठी माध्यमाची. बाई रोज दोन रिक्षा बदलून यायच्या. सुती साडी, हातात कापडी पिशवी, तिच्यात वह्यांचे गठ्ठे. आवाज असा, की शेजारच्या वर्गातले सर खडू ठेवून गप्प बसायचे. इंग्लिश बोलताना त्यांच्या तोंडून बार्शी काही सुटायची नाही. पण वाक्य सरळ असायचं, आणि त्यांना काय म्हणायचंय ते शेवटच्या बाकालाही कळायचं.

आमच्याकडे मात्र इंग्लिशबद्दल लोकांची एक पक्की समजूत. इंग्लिश म्हणजे फादरच्या शाळेतलं. तिथे शिकवणारीला 'टीचर' म्हणतात, ती फ्रॉक घालते, तिचं इंग्लिश नाकातून येतं. आमच्या 'बाई', त्यात साडीवाल्या, त्यात घाटावरच्या. माझे बाबा बागायतदार. केळी आणि माडांची वाडी, गावात चार लोक त्यांचा शब्द मानायचे. बाई आम्हाला नववीत आल्या तेव्हा बाबा म्हणाले होते, "घाटावरची बाय इंग्लिश शिकवणार? मग उद्यापासून मी विमान चालवतो." सगळे हसले. मीही हसले. हसण्यात मी कायम पुढे.

बाईंची शिकवण्याची तऱ्हा वेगळी होती. रोज घरून इंग्लिशमध्ये तीन वाक्यं लिहून आणायची, आदल्या दिवसाबद्दल. त्यातलं एक तरी असं हवं, जे वर्गातल्या दुसऱ्या कुणालाच लिहिता येणार नाही. 'मी सकाळी उठलो, दात घासले, शाळेत आलो' असं कुणी आणलं की बाई वही परत ढकलायच्या. "दात सगळेच घासतात लेकरा. निदान मी तशी आशा धरते. तुझं काय ते सांग." हे 'तुझं काय ते सांग' आम्ही दिवसातून दहा वेळा ऐकायचो. मधल्या सुट्टीत डबा उघडला तरी मुलं एकमेकांना म्हणायची, तुझं काय ते सांग.

सुरुवातीला आम्ही घाबरायचो. काळ कुठला वापरायचा, क्रियापदाला काय लावायचं, दोन वाक्यं जोडायची कशी, काही म्हणता काही येत नव्हतं. बाई म्हणायच्या, "चुका होऊ देत की. चुका मी दुरुस्त करीन, त्याचाच पगार घेते मी. खोटं लिहिलंस तर ते मला दुरुस्त करता येत नाही." आणि खरंच, व्याकरण त्या आमच्याच वाक्यांवर शिकवायच्या. फळ्यावर कुणाचं तरी वाक्य लिहायचं, नाव न सांगता, आणि विचारायचं, हे काल घडलं की रोज घडतं? रोज घडतं, तर मग असं का लिहिलं? नववीच्या दिवाळीपर्यंत आमच्यातल्या निम्म्या पोरांना इंग्लिशमध्ये चार ओळी स्वतःच्या स्वतः लिहिता येत होत्या. मराठी माध्यमात ही लहान गोष्ट नव्हती. पण ती आमच्याशिवाय कुणाला दिसत नव्हती, आणि आम्ही घरी जाऊन सांगत नव्हतो.

दहावीच्या पहिल्या चाचणीत 'आमची सहल' असा निबंध आला. गाइडात सहल महाबळेश्वरची होती. बाई पेपर घेऊन वर्गात आल्या, गठ्ठा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "महाबळेश्वरला कोण कोण जाऊन आलंय? हात वर करा." एकही हात वर गेला नाही. "बरं. मग अडतीस जणांनी तिथं स्ट्रॉबेरी कुठनं खाल्ल्या?" निबंधाला अडतीस जणांना शून्य. सात जणांनी अर्नाळ्याचं आणि वज्रेश्वरीचं काहीबाही लिहिलं होतं, चुकांनी भरलेलं. त्यांना गुण मिळाले. मी त्या सातांत होते, म्हणून मला ते फार न्यायाचं वाटलं.

घरोघरी मात्र बोंब झाली. शून्य गुणांचा पेपर सहीला आला की बाप माणसाचं काय होतं ते सांगायला नको. "बोर्डाच्या पेपरात कोण विचारतो, गेला होतास का म्हणून?" असं जो तो म्हणायला लागला. आणि खरं सांगायचं तर त्यांचं तरी काय चुकलं? बोर्डात खरोखर कुणी विचारत नाही. गाइडातलं जसंच्या तसं उतरवलं की गुण मिळतात, हे सगळ्या जगाला ठाऊक. बाईंनाही ठाऊक होतं. त्या म्हणायच्या, "बोर्ड एक दिवसाचं आहे गं. लिहायचं जन्मभर आहे."

आता माझ्या घरचं. त्या वर्षी आमच्या वाडीतली विहीर मचूळ लागायला लागली. खाडीचं पाणी आत शिरत होतं. केळीची पानं कडेनं करपायला लागली होती. बाबा कुणाला बोलत नव्हते. विहीर खारी झाली म्हटलं की वाडीचं नाव गेलं, आणि आत्याचे दीर त्या वर्षी आमच्याकडून केळीची रोपं नेणार होते. मी बाईंच्या वहीत लिहिलं: आमच्या विहिरीचं पाणी यंदा खारट झालं आहे आणि माझे वडील हे कुणालाही सांगत नाहीत. बाईंनी दहापैकी दहा दिले. माझ्या बाकापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "हे बघ. हे असं. हे जगात दुसरं कुणी लिहू शकलं नसतं." त्या दिवशी मी घरी पळतच गेले असेन.

पुढच्या रविवारी आत्याकडची माणसं जेवायला आली. बाबांना मिरवायची हौस. "वैशू, तुझी इंग्लिशची वही आण. दहापैकी दहा आहेत, वाचून दाखव." मी वाचलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग आत्याच्या दिरांनी विचारलं, "म्हणजे काय गं?" आणि मी शहाणीनं मराठीत सांगितलं.

पाहुणे जाईपर्यंत बाबा एक अक्षर बोलले नाहीत. नंतर जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. "घरातलं बाहेर लिहायला शिकवते? त्या बायला आमच्या विहिरीशी काय करायचंय?" हे एवढं पुरे. रोपं अर्थातच गेली नाहीत. मला तंबी मिळाली की घरातलं, वाडीतलं, आईचं, बापाचं एक अक्षर वहीत दिसता कामा नये. गाइडात आहे ना लिहिलेलं? ते लिही.

त्याच आठवड्यात बाईंनी विषय दिला, 'माझ्या घराजवळची सकाळ'. मी काय करणार? गाइडातली सकाळ पाठ केली आणि उतरवली. दोन डोंगरांमधून येणारी सोनेरी किरणं, पक्ष्यांचा किलबिलाट, मंद वारा, सगळं. एक स्पेलिंग चुकलं नव्हतं. बाईंनी वही उघडली आणि वर्गात सगळ्यांसमोर विचारलं, "वैशाली, तुमच्या वाडीत सूर्य कुठनं उगवतो गं?"

"माडांच्या मागून."

"आणि माडांच्या मागं काय आहे?"

"नवीन बिल्डिंग."

"मग हे दोन डोंगर कुठनं आणलेस? ट्रकनं?"

वर्ग फुटला. पोरं बाकं बडवून हसली. दहापैकी चार. मला बाईंना सांगायचं होतं की बाबांनी बंदी केलीय, मी कुठून लिहू? पण भर वर्गात ते कसं सांगणार? तेही घरातलंच की!

आणि लगेच, त्याच तासाला, बाईंनी मंजुळाची वही उचलली. मंजुळा पाचूबंदरची, कोळ्यांची. तिची आई बंदरावर मासळीच्या लिलावात उभी राहायची, तिचा आवाज म्हणे किल्ल्यापर्यंत जायचा. मंजुळाचं इंग्लिश माझ्या पासंगालाही पुरत नव्हतं, असं माझं मत. तिनं लिहिलं होतं: काल सकाळी लिलावात माझी आई ओरडली नाही. म्हणून मला कळलं, घरी काहीतरी झालं आहे. दोन वाक्यं, तीन चुका. मी मोजल्या. बाईंनी ती दोन वाक्यं मोठ्यानं वाचली, चुकांसकट. पुढे म्हणाल्या, "याला म्हणतात लिहिणं." दहापैकी नऊ. मंजुळा लाजून बाकाखाली शिरायची बाकी होती. आणि मी तिच्या मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात जळत होते.

दोन रविवारांनी आमच्या ओट्यावर पालकांची बैठक भरली. आठ-नऊ बाप माणसं, आईनं केलेला चहा, आणि विषय एकच, दहावीचा वर्ग या बाईकडून काढून घ्यायचा. शून्य देते, गाइड वापरू देत नाही, घरच्या गोष्टी पोरांकडून काढून घेते. संस्थेकडे तक्रार करायची ठरलं. मग एकजण म्हणाला, "मराठीत दिला अर्ज तर कोण वाचतो? टोपलीत जातो. इंग्लिशमध्ये पाहिजे." सगळ्यांना पटलं. पण लिहिणार कोण? ओट्यावरच्या एकालाही इंग्लिश येत नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा बाबा म्हणाले, "आमची वैशू लिहील की."

म्हणजे बघा काय झालं. या बाईला इंग्लिश शिकवता येत नाही, अशी तक्रार. आणि ती लिहिणार कोण, तर त्याच बाईची विद्यार्थिनी, त्याच बाईनं शिकवलेल्या इंग्लिशमध्ये. माणसं काही मूर्ख नव्हती. केळीचा घड बघून किती डझन निघतील ते सांगणारी माणसं ती. पण त्या ओट्यावर एकालाही ही गंमत सुचली नाही. मला सुचली होती. हे मुद्दाम लिहून ठेवते, मला सुचली होती.

तरी मी लिहिलं. बाबांनी मला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. ते सगळे बाप माझ्याभोवती उभे राहिले, आणि मी एकेक वाक्य आधी इंग्लिशमध्ये वाचायची, मग मराठीत अर्थ सांगायची. एवढी मोठी माणसं माझं इंग्लिश ऐकायला थांबली होती. बाबांची छाती फुगलेली. दोन आठवडे विहिरीवरून माझ्याशी धड न बोलणारे बाबा. "आणखी कडक लिही," ते म्हणाले. मी आणखी कडक लिहिलं. त्यांनी सांगितलेलं सगळं लिहून झालं, आणि मग मी एक ओळ स्वतःहून घातली. ती कुणी सांगितली नव्हती. या बाई गरीब कोळी मुलींचं चुकीचं इंग्लिश वर्गात मोठ्यानं वाचतात आणि सगळ्या वर्गाला त्यांच्यावर हसवतात, अशी ती ओळ. अर्थ सांगितल्यावर ओट्यावरची माणसं चुकचुकली. "अरे अरे, हे भलतंच," कुणीतरी म्हणालं. सह्या पटापट झाल्या.

आठवड्याभरात संस्थेनं मुख्याध्यापकांना चौकशी करायला सांगितलं. हेडसर भला माणूस, निवृत्तीला आलेला. कुठेही भांडण दिसलं की त्यांचं डोकं दुखायचं. मधल्या सुट्टीत त्यांनी दोघींना बोलावलं. मंजुळाला, कारण अर्जात कोळी मुलीचा उल्लेख होता, आणि मला, कारण मी वर्गाची मॉनिटर. बाई आधीच येऊन खुर्चीवर बसल्या होत्या. टेबलावर माझा अर्ज.

हेडसरांनी आधी मंजुळाला विचारलं. ती म्हणाली, "नाय सर. बायनी माजं चांगलं हाय म्हनून वाचलं."

"घाबरू नकोस बाळ. बाई इथे बसल्यात म्हणून घाबरतेस का?"

"मी कशाला घाबरू?"

हेडसरांनी मान हलवत कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं: मुलगी घाबरलेली आहे. मग ते माझ्याकडे वळले. "तू हुशार मुलगी. तू सांग. त्या दिवशी वर्गात पोरं हसली होती का?"

त्या दिवशी वर्गात पोरं हसली होती. माझ्यावर. मला एवढंच म्हणायचं होतं, सर, हसली, पण मंजुळाला नाही, मला. चार शब्द जास्त. ते चार शब्द मी बोलले असते तर अर्जातला सगळ्यात जहरी दात तिथेच पडला असता आणि दहावी बाईंकडे राहिली असती. हे मला तिथे उभ्या उभ्या स्पष्ट कळत होतं. मी म्हटलं, "हो सर. हसली."

मंजुळानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. बाईंनी बघितलं नाही. त्या अर्जाकडे बघत होत्या.

हेडसर उसासा टाकून म्हणाले, "अर्ज मात्र कुण्या वकिलाकडून लिहून घेतलेला दिसतो. एक चूक नाही."

"वकिलाचा नाही तो, सर," बाई म्हणाल्या.

"मग कुणाचा?"

आता बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या काचेखालचे जुने फोटो बघत होते. बाईंनी माझं नाव घेतलं असतं तर काम फत्ते होतं. सर, ही दहावीतली मुलगी, दीड वर्ष माझ्या हाताखाली आहे, बघा कसं लिहिते, अजून काय पुरावा हवा? बस्स, संपला अर्ज. पण त्या म्हणाल्या, "माहीत नाही." आणि उठल्या.

पुढच्या सोमवारपासून आम्हाला दुसरे सर आले. छापील नोट्स आणल्या त्यांनी, सगळ्यांना एकेक संच. महाबळेश्वर परत आलं, सोनेरी किरणं परत आली. बाईंना पाचवी दिली. एबीसीडी, रंगांची नावं, फळांची नावं. बोर्डात आमचे निकाल उत्तम लागले. इंग्लिशला शाळेत पहिली कोण, तर मी. बाबांनी गावभर पेढे वाटले. मला शाळेत पाठवलं, सगळ्या शिक्षकांना द्यायला. बाईंनाही दिला. त्यांनी घेतला, "छान" म्हणाल्या. पुढचं मला आठवत नाही. म्हणजे मी आठवून बघितलेलं नाही.

इंग्लिशनं माझं भलं केलं. गोखिवऱ्यात नळाची फिटिंग्ज बनवणारी एक कंपनी आहे, तिचा परदेशी गिऱ्हाइकांशी होणारा सगळा पत्रव्यवहार मी बघते. "मॅडम, तुमचे मेल एकदम क्लिअर असतात हां," असं आमचे साहेब येता-जाता म्हणतात. क्लिअर असणारच. एकेका मेलच्या आधी मी स्वतःला विचारते, तुझं काय ते सांग. म्हणजे बाईंचं शिक्षण मी रोज वापरते, पगार घेते, आणि बाईंना मात्र तोंड दाखवत नव्हते. नालासोपाऱ्याच्या बाजारात दोनदा त्या दिसल्या. दोन्ही वेळा मी दुकानात शिरले. एकदा तर ते दुकान नट-बोल्टचं निघालं.

मंजुळा आता पाचूबंदरला आईच्या जागी उभी असते. लिलावात तिचा आवाजही किल्ल्यापर्यंत जातो. मी तिच्याकडूनच मासे घेते. हेडसरांच्या ऑफिसात ती माझ्या शेजारीच उभी होती, पण आजवर तिनं तो विषय काढलेला नाही. दर दिवाळीला ती बाईंकडे जाते, सुके बोंबील घेऊन. "बाय खात नाय," ती हसत सांगते, "पन घेते. शेजारी देते." मागच्या दिवाळीनंतर ती पापलेट निवडता निवडता म्हणाली, "बायचे गुडघे पार गेले गो. खाली उतरत नाय. तू येकदा जाऊन ये ना. तुजी तरी चौकशी करते ती."

"माझी?"

"दर वर्साला. वैशाली काय करते, म्हनते."

मग मी गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार उघडंच होतं. बाई पलंगावर पाय लांब करून मेथी निवडत बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे. "वैशाली ना?" त्या म्हणाल्या. "ये. बस की." मी बसले. रिक्षात जुळवत आणलेलं सगळं तोंडातून भडाभडा बाहेर पडलं. "बाई, तो अर्ज मी लिहिला होता."

"माहीत आहे."

"आणि ऑफिसात मी खोटं बोलले."

"तेही माहीत आहे. समोरच बसले होते की मी."

"मला माफ करा."

त्यांनी मेथीची एक काडी मोडली, पानं ताटात टाकली. "किती वर्षं झाली गं?"

"बावीस."

"आणि वसईहून इथं यायला रिक्षानं किती वेळ लागतो?"

मी ताटातली मेथी निवडायला घेतली.

"त्या दिवशी ऑफिसातनं निघाले आणि जिन्यात थांबले," बाई म्हणाल्या. "मधली सुट्टी संपेपर्यंत. वाटलं, लेकरू आहे, बापानं लिहायला लावलं असंल, रडत येईल. तू मागच्या जिन्यानं गेलीस. मग म्हटलं, परीक्षा होऊ दे, मग येईल. निकाल लागला, पेढा घेऊन आलीस. तेव्हा तर माझी खात्रीच झाली, आता बोलणार पोरगी. पेढा हातात धरून उभी राहिले मी. तू म्हणालीस, येते बाई, अजून स्टाफरूममध्ये द्यायचेत."

"माझं नाव का नाही सांगितलंत तेव्हा? वर्ग राहिला असता तुमच्याकडे."

"दहावीच्या पोरीला पुढं करून मी वर्ग वाचवू होय?" बाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. आवाज होता तोच, वर्गातला. "दहावी गेली त्याचं काही नाही. पाचवीची लेकरं काय लेकरं नसतात? तुझ्यावर रागही नव्हता माझा. पण आलीच आहेस तर ऐक. पाचवीत पहिल्याच महिन्यात एका पोरीनं वहीत लिहिलं. मोडकंतोडकं, निम्मं मराठीत. रोज रात्री बाप आईला मारतो, आणि पोरगी रेडिओ मोठा करते. तिचं स्वतःचं वाक्य होतं ते. मी काय केलं असेल?"

"काय केलंत?" मी विचारलं.

"पान फाडलं. म्हटलं, हे असलं नाही लिहायचं, मी फळ्यावर देते ते उतरव. भीती वाटली मला. उद्या हिचा बाप येईल अर्ज घेऊन, परवा हेडसर बोलावतील. तेव्हापासनं रिटायर होईस्तोवर, चौदा वर्षं, मी फळ्यावरनं उतरवूनच दिलं सगळं. माझा देश, माझी गाय, माझी सहल. एकाही लेकराला विचारलं नाही, तुझं काय ते सांग म्हणून. माझ्याच हातानं गाइड वाटली म्हण की."

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. बाईंनी ताट बाजूला सारलं, आणि गुडघे दोन्ही हातांनी दाबत बसल्या.

"तू माफी मागितलीस, तुला मोकळं वाटलं असंल. वाटू दे. मला नाही वाटलं. मी त्या पोरीची मागायला पाहिजे ना? ती घरी गेली, त्याच घरात. आणि वहीतलं पानही नाही."

"बाई, नाव सांगा तिचं," मी म्हटलं. "मी शोधते. शाळेत जुनी रजिस्टरं असतील, मंजुळाला विचारते, फोनवर हल्ली सगळे सापडतात."

बाईंनी बराच वेळ आठवून बघितलं. मग मान हलवली.

"नाही आठवत," त्या म्हणाल्या. "आठवत असतं तर हे जिने उतरून मी केव्हाच गेले असते तिच्या दारात."